पेशीचा कारखाना चालू असताना

कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाने पेशीवर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझे विज्ञान शाळेतले नव्हे, वाचनालयातले आहे. परंतु या विषयाचा कामगाराच्या जिवाशी संबंध आहे, म्हणून तो मी घेतला.

बंद गिरणीत चात्या आणि साचे मोजता येतात. पण कापड कसे निघते ते पाहावयाचे तर गिरणी चालू असतानाच आत गेले पाहिजे. पेशींच्या अभ्यासातही हाच प्रश्न आला. पेशीत नेमलेली कामे करणारी लहान लहान अंगके असतात. त्यांतील एक तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. तिची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून फारशी अधिक नसते. 1948 साली केनेडी आणि लेनिंजर यांनी पेशी फोडून ही अंगके वेगळी काढली आणि अन्नातील स्निग्धाम्लांचे ज्वलन तेथेच होते असे दाखविले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आतील पडद्याच्या घड्याही दिसल्या. पण त्याखाली येणारी पेशी मेलेली असे. उलट मार्गारेट आणि वॉरन लुईस यांनी 1915 च्या सुमारास कोंबडीच्या गर्भातील जिवंत पेशी पाहिल्या, तेव्हा तंतुकणिका वळवळत, तुटत आणि पुन्हा जुळत असलेल्या दिसल्या.

मग ही अंगके करतात काय? 1961 साली पीटर मिचेल यांनी उत्तर सुचविले. अन्नाच्या ज्वलनातून मिळालेल्या शक्तीने प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे विद्युद्भारित कण, आतील पडद्याच्या एका बाजूस साठविले जातात, धरणात पाणी साठवावे तसे. ते परत येताना रेणूएवढे एक चाक फिरवितात आणि त्यातून एटीपी हे द्रव्य तयार होते. देहातील बहुतेक कामांची मजुरी याच नाण्यात चुकती होते.

आता कामगारांची गोष्ट. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल हाताळणाऱ्या कामगारांना विलक्षण घाम सुटे, ताप चढे, अंग गळून जाई, कित्येक दगावले. असे असूनही 1933 पासून अमेरिकेत तेच द्रव्य वजन उतरविण्याचे औषध म्हणून दिले गेले. काहींचा जीव गेला, काहींना मोतीबिंदू झाले. अखेर 1938 साली त्यावर बंदी आली. त्याचे कारण त्या धरणात आहे. हे द्रव्य प्रोटॉनना चोरवाटेने पडद्यापार नेते. चाक मंदावते, जळण मात्र अधिकच वेगाने जळत राहते. काम नाही, नुसती उष्णता!

हा बिघाड आज पेशी न मारता पाहता येतो. 1980 साली ऱ्होडामिन 123 हा चमकणारा रंग वापरात आला. पडद्याच्या दोन बाजूंतील विद्युत्दाब शाबूत असेल तर तंतुकणिका तो रंग आत ओढून घेतात आणि उजळतात. असले विष घातले की दाब उतरतो आणि उजेड विरतो.

मंडळी, फ्रान्समधील त्या कामगारांचे देहच प्रयोगशाळा ठरले होते. आता तीच परीक्षा काचेच्या बशीतील पेशींवर होऊ शकते. म्हणून नवे रसायन कारखान्यात आले की ‘याची तपासणी झाली आहे काय?’ हा प्रश्न कामगाराने पिंप उघडण्यापूर्वी विचारला पाहिजे. उत्तर देणे मालकाचे काम आहे.