बॅबेजचं यंत्र चाललं असतं तर?

'जर-तर'ला काही अर्थ नसतो असं आपण म्हणतो. पण जयंत नारळीकरांनी त्याच जर-तरवर 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा लिहिली. १७६१ साली विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती तर? मराठे जिंकतात आणि पुढचा सगळा इतिहासच बदलतो!

इंजिनिअरिंगमधलं असंच एक जर-तर म्हणजे चार्ल्स बॅबेज. त्या काळी गणिताची कोष्टकं हाताने काढायचे, त्यात चुका राहायच्या. म्हणून १८२२ मध्ये त्याने 'डिफरन्स इंजिन'चं छोटं मॉडेल केलं. आयडिया सोपी आहे. वर्गसंख्या घ्या: १, ४, ९, १६, २५. त्यांच्यातले फरक ३, ५, ७, ९. आणि या फरकांतला फरक कायम २! म्हणजे पुढच्या वर्गासाठी गुणाकार नकोच: ९ + २ = ११, २५ + ११ = ३६. नुसती बेरीज, आणि ती दातेरी चक्रांना जमते.

१८३४ पासून तो 'ॲनालिटिकल इंजिन'च्या मागे लागला. आकडे ठेवायला 'स्टोअर', हिशेबाला 'मिल', सूचनांना भोकं पाडलेली कार्डं. म्हणजे आपली मेमरी, प्रोसेसर आणि प्रोग्रॅमच की! कार्डांची कल्पना जॅकार्डच्या मागावरून आली. तसे जॅकार्ड येवल्याला पैठणीच्या मागांवरही दिसतात.

पण यंत्र पूर्ण झालंच नाही. आराखडे सारखे बदलले, कारागीर क्लेमेंटशी भांडण झालं, सुमारे १७ हजार पौंड खर्चून १८४२ मध्ये सरकारने हात वर केले. मग कल्पनाच चुकीची होती का? नाही! १९९१ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमने बॅबेजच्या आराखड्यांवरून, त्या काळी जमेल इतक्याच अचूकतेने 'डिफरन्स इंजिन नं. २' बनवलं. आणि ते चाललं.

गिब्सन आणि स्टर्लिंग यांच्या १९९० च्या 'द डिफरन्स इंजिन' कादंबरीत बॅबेज यशस्वी होतो आणि १८५५ चं ब्रिटन वाफेच्या कॉम्प्युटरवर चालतं. वाचायला मजा येते, पण आपल्यासाठी? १८५७ च्या दोन वर्षं आधी राज्यकर्त्यांच्या हातात असं यंत्र! नारळीकरांच्या कथेत मात्र पेशवे स्वतःच विज्ञानाची केंद्रं काढतात. यंत्र कुठलं, यापेक्षा ते कोणाच्या हातात, हा प्रश्न मोठा.

आणि हो, फायनल इयरवाल्यांनो, प्रोजेक्टचं डिझाइन सारखं बदलू नका. बॅबेजचं काय झालं ते वाचलंत ना?