बंद दाराबाहेरच्या आया

२२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी व्हाइट हाउसमधून गरोदर बायकांना पॅरासिटॅमॉल टाळायला सांगितलं आणि त्याचा संबंध ऑटिझमशी जोडला. ती क्लिप मोबाइलवरून मराठी घरांतही पोचली. ज्या घरात तीन-चार वर्षांचं स्वमग्न मूल आहे तिथल्या आईला पुन्हा एकदा विचारलं गेलं, तू तेव्हा काय घेतलं होतंस? स्वीडनमधल्या सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर असा कुठलाही संबंध उरला नव्हता. पण त्या अभ्यासाची क्लिप कुणी पाठवली नाही.

दोष आईच्या माथी मारण्याची रीत जुनी आहे. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३मध्ये अकरा स्वमग्न मुलांचं वर्णन केलं, त्यानंतर कितीतरी वर्षं थंड स्वभावाच्या आईबापांनाच बोल लावला गेला. १९६४मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, एका स्वमग्न मुलाच्या बापाने, ते मत खोडून काढलं. १९८७मध्ये मानसशास्त्रज्ञ लोवास यांनी आठवड्याला चाळीस तासांच्या वर्तनोपचारांनी १९पैकी ९ मुलं सर्वसाधारण शाळेत शिकू लागल्याचं मांडलं. त्या उपचारांत मांडीवर चापट मारणंही होतं, ते पुढे कुणी फारसं सांगितलं नाही. भारतात १९९५च्या अपंगांसाठीच्या कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं, ते आलं १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात. इथवरचा प्रवास एवढ्यात सांगून होतो.

महाराष्ट्रातल्या पालकांच्या एका पिढीच्या हाडीमाशी खिळलेलं दशक त्यानंतरचं, साधारण २००६ ते २०१६. त्याआधी मूल बोलत नाही म्हणून डॉक्टरांकडे नेलं, की ‘बेरा’ ही ऐकण्याची चाचणी व्हायची. कान ठीक निघाले, की घरी पाठवणी. मुलगे उशिराच बोलतात, बापही उशिराच बोलला होता, वर्षभर थांबा. निदान होईपर्यंत मूल पाच वर्षांचं झालेलं असे. मुंबईत ‘उम्मीद’सारखं बालविकास केंद्र २००१मध्ये सुरू झालं होतं. पुढे शहरोशहरी थेरपी सेंटरच्या पाट्या लागल्या आणि ‘स्पीच’, ‘ओटी’ (ऑक्युपेशनल थेरपी), ‘स्पेशल एज्युकेटर’ हे शब्द घरात रुळले. मुलाला काय झालंय हे सांगणारं कुणीतरी भेटू लागलं, हे त्या दशकाचं मोठं देणं.

पण त्या सेंटरांमधलं एक दृश्य विसरता येत नाही. आत झोपाळा, रंगीत चेंडूंचा हौद, मोठा जिम बॉल. पाऊण तासाचं सेशन आणि दार बंद. बाहेर अरुंद बाकावर आई, मांडीवर मुलाची पाण्याची बाटली, पायाशी त्याच्या चपला. आतून रडण्याचा आवाज आला तरी तिने उठायचं नाही. वेळ संपली की दार उघडायचं, ‘आज छान बसला’ एवढं ऐकायला मिळायचं, आणि पुढचं मूल आत जायचं. आत काय केलं, का केलं, घरी आंघोळीच्या वेळी, जेवताना, जिन्यात त्यातलं काय करायचं, हे सांगायला कुणाला सवड नसे. आठवड्यातले दीड-दोन तास तज्ज्ञाचे, बाकीचे सगळे तास आईचे, आणि शिकवायचं मात्र तिला कुणी नाही. या एका गोष्टीने हजारो मुलांची मोलाची वर्षं खाल्ली.

ती पोकळी बाजाराने भरली. आधीच तीन-चार पदार्थांपलीकडे काही न खाणाऱ्या मुलाच्या ताटातून गहू आणि दूध गेलं. शरीरातला पारा काढतो म्हणून चीलेशन आलं, २००५मध्ये पेनसिल्व्हेनियात त्या उपचारात पाच वर्षांचा मुलगा दगावला होता तरीही. प्राणवायूच्या बंद टाक्या आल्या. सगळ्यांत महाग स्टेम सेल : कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, पेशी वेगळ्या करून त्या पाठीच्या कण्यातून सोडायच्या. त्यासाठी लोकांनी दागिने मोडले, कर्जं काढली. मान्यताप्राप्त मोजके आजार सोडता हे फक्त चाचणी म्हणून, आणि रुग्णाकडून पैसे न घेता करता येईल, असं आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने ऑटिझमसाठी हा उपचार शिफारसयोग्य नाही असं म्हणायला २०२२चा डिसेंबर उजाडला. तोवर पालकांचे पैसे गेले होते.

पालक भोळे होते, असं म्हणणं अन्यायाचं आहे. १९९९मध्ये अमेरिकेत ऑटिझमवर सिक्रेटिन या संप्रेरकाची चाचणी झाली. काही मुलांना औषध दिलं, काहींना नुसतं मिठाचं पाणी, आणि सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखीच दिसली. मूल त्या काळात वाढतच असतं, नवे शब्द आपल्या वेगाने येतच असतात, आणि श्रेय चालू असलेल्या उपचाराला जातं. निकाल कळल्यावरही दोनतृतीयांशाहून जास्त पालकांना ते औषध हवंच होतं.

त्याच दशकात शेजारच्या गोव्यात एक वेगळं काम झालं. ‘संगत’ संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संशोधकांनी ६५ मुलांवर ‘पास’ ही चाचणी घेतली. तज्ज्ञ नसलेले, पण नीट तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते पालकांसोबत बसत. आई-मूल खेळतानाचा छोटा व्हिडिओ काढायचा आणि तिच्याबरोबर तो पाहायचा. मुलगा गाडीचं चाक फिरवतोय, आई ‘हे काय? रंग कुठला?’ विचारतेय. व्हिडिओ थांबवायचा. तो चाकाकडे बघतो तेव्हा तू ‘गोल गोल’ म्हणालीस, त्या क्षणी त्याने वर पाहिलं, दिसलं? सहा महिन्यांत बारा बैठका. मुलं आपणहून संवाद सुरू करू लागल्याचं निष्कर्षांत दिसलं. ज्या ब्रिटिश पद्धतीवर हे बेतलं होतं, तिचा परिणाम सहा वर्षांनंतरही टिकलेला आढळला.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ऑटिझमला २१ प्रकारांत जागा दिली. ‘निरामय’ योजनेतून एक लाखापर्यंतचा विमा मिळतो. तरीही आज निदानाचा कागद हातात घेऊन बाहेर पडणाऱ्या जोडप्यासमोर सेशनचं दरपत्रकच येतं. त्यांनी पैसे भरण्याआधी विचारावं : आम्हाला आत बसू द्याल का? येत्या तीन महिन्यांत नेमकं काय साधायचं आहे आणि ते मोजणार कसं? घरी काय करायचं, ते करून दाखवाल का? जे सेंटर या प्रश्नांवर नाराज होईल, तिथून उठावं. आणि सरकारने आशा सेविकांना व अंगणवाडीताईंना गोव्यातल्यासारखं प्रशिक्षण द्यावं. लातूर, गडचिरोलीतल्या आईने मुलाच्या उपचारांसाठी पुण्यात खोली भाड्याने घेऊन राहावं लागू नये.