चावी आत आहे का?

परीक्षेतला प्रश्न साधारण असा येतो. विंडोज सर्व्हरवरचं सर्टिफिकेट प्रायव्हेट कीसकट दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचं आहे, तर कोणती फाइल घ्याल? पुढे चार पर्याय असतात: पेम, डर, पी७बी, पीएफएक्स. फुलंब्रीहून चौका, हर्सूल ओलांडत संभाजीनगरला नेटवर्किंगच्या क्लासला जाणारी मुलं हे चार शब्द पाढ्यासारखे पाठ करतात आणि परीक्षेत नेमकी पी७बी आणि पीएफएक्स यांची अदलाबदल करून येतात. दोष मुलांचा कमी, शिकवण्याचा जास्त. कॉम्पटिया सिक्युरिटी प्लस या परीक्षेच्या ६०१ क्रमांकाच्या अभ्यासक्रमात ही नावं एका ओळीत दिली होती आणि क्लासच्या नोट्समध्येही ती तशीच एका ओळीत उतरली. पुढच्या ७०१ मध्ये ती ओळ गळाली. सर्व्हरवरच्या फाइली मात्र होत्या तिथेच आहेत.

पाठांतराआधी मूळ वस्तू पाहू. सर्टिफिकेट म्हणजे एक निवेदन: अमुक पब्लिक की अमुक नावाची आहे, अमुक तारखेपर्यंत ग्राह्य आहे, आणि याची खात्री अमुक संस्थेने स्वतःच्या सहीने दिली आहे. या निवेदनात कोणते रकाने असावेत हे एक्स.५०९ या मानकाने १९८८ मध्ये ठरवलं. तेव्हा वर्ल्ड वाइड वेबही जन्मलेलं नव्हतं. नेटस्केपने एसएसएल आणलं ते १९९५ च्या सुमारास, आणि त्याने हेच तयार निवेदन उचललं. एसएसएल स्वतः केव्हाच निवृत्त झालंय. त्याच्या जागी १९९९ मध्ये टीएलएस आलं आणि एसएसएलची शेवटची, तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये अधिकृतपणे बाद ठरली. तरी क्लासच्या पाटीवर, कंपनीच्या बिलावर आणि आपल्या तोंडी अजून ‘एसएसएल सर्टिफिकेट’च आहे.

हे निवेदन यंत्राला द्यायचं तर बाइटमध्ये लिहावं लागतं. लिहिण्याची कडक पद्धत म्हणजे डर. एका मजकुराचं एकच रूप, त्यात पर्याय नाही. तो कडकपणा हवाच, कारण सही बाइटवर होते. एक बाइट इकडचा तिकडे झाला की सही जुळत नाही. डर फाइल हेक्समध्ये उघडली की सुरुवातीला ३० आणि ८२ हे आकडे दिसतात. ३० म्हणजे इथून रकान्यांची मालिका सुरू, आणि ८२ म्हणजे तिची लांबी पुढच्या दोन बाइटमध्ये लिहिली आहे. नोटपॅडमध्ये हीच फाइल उघडली तर नुसता कचरा दिसतो.

पेम म्हणजे तीच डर, फक्त बेस-६४ च्या अक्षरांत लिहिलेली. वर पाच-पाच आडव्या रेघांमध्ये ‘बिगिन सर्टिफिकेट’, खाली तसंच ‘एंड सर्टिफिकेट’. पेमचा उगम वेबमध्ये नाही. १९९३ मध्ये ईमेल गुप्त ठेवण्यासाठी ‘प्रायव्हसी एन्हान्स्ड मेल’ नावाची योजना आली. त्या काळच्या मेलमधून फक्त साधी अक्षरं सुखरूप जात, म्हणून हा अक्षरांचा खटाटोप. योजना चालली नाही, तिचं लेखन तेवढं उरलं. सगळे ते वापरतच होते, आणि वापराला धरून लिहिलेला नियम २०१५ मध्ये आला. आधी रूढी, बावीस वर्षांनी कायदा.

पेम फाइल वाचणाऱ्याला एक खूण लवकरच ओळखीची होते. पहिली अक्षरं बहुतेकदा एम-आय-आय असतात. कारण वर सांगितलंच आहे: ३० आणि ८२ हे बाइट बेस-६४ मध्ये गेले की हीच अक्षरं निघतात. पण तेवढ्यावर विसंबू नये. आरएसएच्या प्रायव्हेट कीची पेमसुद्धा एम-आय-आयनेच सुरू होते. आत काय आहे ते ‘बिगिन’ची ओळ सांगते. फाइलच्या नावामागचं शेपूट तर मुळीच सांगत नाही. डॉट सीआरटी किंवा डॉट सीईआर नावाच्या फाइलीत पेमही असू शकतं आणि डरही. परीक्षेतले निम्मे सापळे इथेच लावलेले असतात.

आता ती जोडी, जिथे मुलं घसरतात. पीकेसीएस ही मानकांची मालिका आरएसए कंपनीच्या प्रयोगशाळेने १९९१ पासून काढली. त्यातलं सातवं मानक सही केलेल्या मजकुराचं. पी७बी फाइल त्यावरच उभी आहे. तिच्यात सर्टिफिकेटं असतात, एक किंवा साखळीने अनेक: तुमचं, तुम्हाला देणाऱ्या मधल्या संस्थेचं, तिच्या वरच्या मूळ संस्थेचं. प्रायव्हेट की नसते. बारावं मानक पीएफएक्स किंवा पी१२ चं. त्यात सर्टिफिकेट, साखळी आणि प्रायव्हेट की असं सगळं एका पासवर्डखाली बांधलेलं असतं. म्हणून वरच्या प्रश्नाचं उत्तर पीएफएक्स. चारही पर्यायांना एकच प्रश्न विचारायचा: यात चावी, म्हणजे प्रायव्हेट की, आहे का? डरच्या आणि पी७बीच्या सर्टिफिकेट-फाइलीत नाही, पेममध्ये असेल तर ‘बिगिन प्रायव्हेट की’ असं उघड लिहिलेलं दिसतं, आणि पीएफएक्समध्ये ती असणार असं धरूनच चालावं. पी७बी मेलने पाठवली तर बिघडत नाही. पीएफएक्स पाठवली आणि पासवर्डही त्याच मेलमध्ये लिहिला, तर सर्व्हरच दुसऱ्याच्या हाती दिला. पीएफएक्स मायक्रोसॉफ्टच्या घरून आलेलं. त्याच्या गुंतागुंतीच्या रचनेवर न्यूझीलंडच्या पीटर गुटमन यांनी झोडपून लिहिलं होतं, आणि त्यात तथ्य आहे. ओपनएसएसएलची ३.० आवृत्ती २०२१ मध्ये आली तेव्हा जुन्या, कमकुवत कूटलेखनाच्या पीएफएक्स फाइली तिने उघडायला नकार दिला. पासवर्ड बरोबर, फाइल चांगली, तरी एरर. ‘लेगसी’चा पर्याय दिला की उघडतात. अशा वेळी पासवर्डवर संशय घेण्यात तास जातात.

हा सगळा मामला फक्त परीक्षेचा वाटत असेल, तर तलाठी सज्जाकडे पाहावं. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ ला सुरू झाला. पंधरा रुपये भरून तो उतरवता येतो, त्यावर सही-शिक्क्याची गरज नसल्याचं छापलेलं असतं, आणि पडताळणीसाठी सोळा अंकी क्रमांक असतो. अभिलेखावर ही सही करण्यासाठी तलाठ्याकडे डीएससी असते, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमधलं सर्टिफिकेट. जगासाठी ते सर्टिफिकेट एक्स.५०९ चंच. पण सहीची चावी टोकनमध्येच तयार होते आणि बाहेर निघत नाही, सही टोकनच्या आत होते. म्हणजे पीएफएक्स काढून ठेवण्याची सोयच नाही. कॉम्प्युटर बिघडला तरी चावी शाबूत, टोकन हरवलं तर नवं सर्टिफिकेट. जमिनीच्या कागदाला हीच सक्ती शोभते. टोकन आणि पिन दोन्ही ऑपरेटरच्या हाती देऊन निघून जाणं हे मात्र कोणत्याच मानकाने थांबवता येत नाही.

ई-आधारच्या पीडीएफमध्ये या कुटुंबाची दुसरी बाजू दिसते. पीडीएफमधली डिजिटल सही सातव्या मानकाच्याच घडणीची असते, सर्टिफिकेटं सोबत, चावी नाही. सेवा केंद्रात ती उघडली की अनेकदा सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह येतं आणि माणूस घाबरतो. सही खोटी नसते. वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या विश्वासाच्या यादीत भारताची मूळ संस्था नसते, इतकंच. खरेदीखताला साक्षीदार खरा असला तरी दुय्यम निबंधकासमोर त्याची ओळख पटवावी लागते, तसंच हे.

ही मूळ संस्था म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खालचे प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक, सीसीए. परवानाधारक संस्था तिच्याखाली येतात. पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेली सी-डॅक त्यांपैकीच, आणि तिची ई-हस्ताक्षर सेवा टोकनशिवाय आधारवरून सही करून देते. तिथे चावी एका सहीपुरती जन्मते आणि सर्टिफिकेट अर्ध्या तासाचं असतं. कोणती फाइल जपायची हा प्रश्नच तिथे उरत नाही.

सीसीएचं मूळ सर्टिफिकेट ब्राउझरच्या यादीत का रुजलं नाही, याचं एक कारण जुलै २०१४ मध्ये आहे. एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगलच्या डोमेनांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली. ती गूगलच्या लक्षात आली, सीसीएने एनआयसीची मधली सर्टिफिकेटं रद्द केली आणि क्रोमने भारतीय मूळ सर्टिफिकेट निवडक भारतीय डोमेनांपुरतं मर्यादित केलं. फाइलींचे प्रकार अचूक होते, सह्या गणिताने बरोबर होत्या. देणाऱ्याच्या घरात गडबड होती. हा धडा नोट्समध्ये एका ओळीतही नसतो, आणि माझ्या मते फॉरमॅटच्या यादीपेक्षा तो आधी शिकवायला हवा.

आता वेबवरच्या सर्टिफिकेटांची मुदतही घटते आहे. २०२० पासून कमाल ३९८ दिवस होती. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट संस्था यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ती टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरवलं, आणि १५ मार्च २०२९ पासून ती ४७ दिवस होईल. इतक्या वेळा हाताने फाइली हलवणं कुणाला परवडणार नाही. ते काम प्रोग्रॅमकडे जातंय. लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट संस्थेसाठी वापरला जाणारा सर्टबॉट सर्व्हरवर चार फाइली ठेवतो: सर्ट, चेन, फुलचेन आणि प्रिव्हकी. चारही पेम. पहिल्या तिघी कुणालाही दाखवाव्यात. चौथीची परवानगी सर्टबॉट स्वतःच ६०० ठेवतो, म्हणजे मालकाखेरीज कुणाला वाचता येत नाही. नव्या नोकरीत आधी तीच परवानगी तपासावी, कारण एखाद्या घाईच्या दिवशी कुणीतरी ती ७७७, म्हणजे सगळ्यांना मोकळी, करून ठेवलेली असते.