नक्षी चांगली म्हणून टायर चांगला नव्हे

(सामुदायिक रेडिओवर आमच्या गटाने सांगितलेला अनुभव, वाचण्यासाठी थोडा आटोपशीर करून.)



आज आम्ही टायरबद्दल बोलणार आहोत. हसू नका. पापड-लोणची, शेळ्या, शिलाई यांवर आपण इतकं बोलतो, पण आता बऱ्याच गटांकडे स्वतःची गाडी आली आहे. टायर बघायचं काम ड्रायव्हरचं, असं आम्हीही म्हणायचो. पण गाडी गटाची, हप्ता गटाचा आणि गाडीत बसणाऱ्याही आम्हीच. मग टायर दुसऱ्याच्या भरवशावर का?

आमच्याकडे एक जुना पिकअप आहे. त्याच्या मागच्या भागात आम्ही स्वयंपाकघर बसवून घेतलं. दोन मोठ्या शेगड्या, सिलिंडर, पाण्याची टाकी, भांड्यांची मांडणी आणि एका बाजूला वर उघडणारी मोठी खिडकी. चैत्रात शिखर शिंगणापूर, आषाढीला पंढरपूर, पौषात पालीच्या खंडोबाची यात्रा, मधे लग्नसराई. पिठलं-भाकरी, थालीपीठ आणि चहा. बाकीचे दिवस गाडी देवळामागे उन्हात उभी.

एका चैत्रात शिंगणापूरहून परत येत होतो. घाट उतरून सपाटीला लागलो आणि मागचा डावा टायर फुटला. आवाज एवढा मोठा की आधी वाटलं सिलिंडरच गेला. गाडी एका अंगाला ओढली गेली, पण वेग कमी होता, ड्रायव्हरदादांनी एकदम ब्रेक न दाबता हळूहळू कडेला घेतली. तेलाचा डबा सांडला, एवढ्यावर निभावलं. हेच पाच मिनिटं आधी वळणावर झालं असतं तर आज बोलायला आम्ही इथे नसतो.

आश्चर्य पुढे आहे. फुटलेल्या टायरची नक्षी जवळजवळ नवीसारखी होती. आमच्यातली एक मावशी पंक्चरवाल्याला म्हणाली, “अरे, हा तर घासलेलाच नाही, मग फुटला कसा?” तो म्हणाला, “मावशी, नक्षी काय बघता, जन्मतारीख बघा.” आणि त्याने टायरच्या बाजूवर बोट ठेवलं.

तिथून आमची शाळा सुरू झाली. शिकलो ते तीन प्रश्नांत सांगतो. टायरचं वय किती? त्याची ताकद किती? आणि त्यात हवा किती?

पहिला प्रश्न वयाचा. टायरच्या बाजूवर खूप अक्षरं असतात. त्यात लहानशा लांबट चौकटीत चार आकडे शोधा. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर १४१२ होतं. म्हणजे २०१२ सालच्या चौदाव्या आठवड्यात तो तयार झाला. फुटला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. हे आकडे कधी कधी टायरच्या एकाच बाजूवर असतात. बाहेरून दिसले नाहीत तर गाडीखालच्या बाजूने बघा.

रोज धावणाऱ्या गाडीचा टायर घासून संपतो. आपल्यासारख्या गाडीचा टायर उभ्या-उभ्याच म्हातारा होतो. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन रबराला सुकवतात. रबरात ते वाचवण्यासाठी मेणासारखी द्रव्यं घातलेली असतात. टायर फिरतो, दबतो, तेव्हा ती वरच्या थरावर येत राहतात. गाडी महिनोन्‌महिने हललीच नाही तर तेही थांबतं. मग बाजूला, नक्षीच्या खोबणीत बारीक भेगा पडतात, पायाच्या टाचेला पडतात तशा. बरेच टायर बनवणारे सांगतात की पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की कसाही दिसला तरी काढून टाका. गाड्या बनवणारे काही जण तर सहा वर्षांनीच बदला म्हणतात. आम्ही आमच्यापुरती सहा-सातची मर्यादा ठरवली आहे. आमची गाडी घाटात चालते आणि कायम भरलेली असते.

नक्षी बघायचीच नाही असं मात्र नाही. खोबणीच्या तळाशी मधेमधे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. चारचाकीला १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी कायद्यानेही चालत नाही. पण या परीक्षेत टायर पास झाला म्हणजे सगळं झालं, असं धरू नका.

दुसरा प्रश्न ताकदीचा. इथे आमची मोठी चूक निघाली. मालाची गाडी माल उतरवला की हलकी होते. आपलं स्वयंपाकघर कधीच उतरत नाही. चूल, टाकी, पत्रा, भांडी यांचा भार उभ्या गाडीतही टायरवर असतोच. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. परदेशात लोक गाडीतच घर करून फिरतात, पलंग-मोरीसकट. त्यांच्याही टायरचं हेच दुखणं आहे: कायम ओझं आणि लांब मुक्काम. म्हणून युरोपात अशा गाड्यांसाठी ‘सी पी’ खुणेचे वेगळे, दणकट टायर बनवतात. आपण त्या खुणेच्या मागे लागायला नको. पण कारच्या नव्हे, मालवाहू गाडीच्या टायरचाच आग्रह धरायला हवा.

आम्ही गाडी वजनकाट्यावर नेली. यात्रेला निघताना असते तशी भरून, पाण्यासकट. आधी पुढची चाकं, मग मागची, असं वेगळं वजन केलं. पुढे १०५० किलो, मागे १६०० किलो. मागे दोन टायर, म्हणजे एकेकावर सरासरी आठशे. आता टायरवर मापाच्या पुढे एक आकडा असतो, तो ओझ्याचा. पण तो थेट किलोत नसतो, त्याचं कोष्टक असतं. ९५ म्हणजे ६९० किलो, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५० किलो. आमच्या टायरवर १०० होतं! म्हणजे नव्या टायरलाही जेमतेम पुरेल एवढंच ओझं आणि आमचा टायर अकरा वर्षांचा. वर पाण्याची टाकी डावीकडे, म्हणजे डाव्या टायरवर आठशेपेक्षा जास्तच. फुटला तोही डावाच. आधीच्या मालकाने दिसायला रुंद म्हणून कारच्या जातीचे टायर बसवले होते. रिंगवर बसले, पण कामाचे नव्हते.

म्हणून टायर घेताना आधी गाडीच्या पुस्तकातलं किंवा दाराच्या चौकटीवरचं माप बघा. १९५/८० आर १५ एल टी १०६/१०४ असं काही लिहिलेलं असतं. १९५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ८० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ हे रिंगचं इंचातलं माप. एल टी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा. १०६ हा आकडा एकेरी चाकाचा, १०४ जोडचाकाचा. त्यापेक्षा कमी ताकदीचा टायर फुकट दिला तरी घेऊ नका. आणि मजबूत टायर घातला म्हणून गाडीत जास्त भरायचं असंही नाही. गाडीची स्वतःची मर्यादा आरसी बुकात लिहिलेली असते, ती टायर बदलल्याने वाढत नाही. आम्ही टाकी मधोमध आणली आणि आता पाणी मुक्कामी पोचल्यावर भरतो.

तिसरा प्रश्न हवेचा. तो फुकटचा आहे, म्हणूनच राहून जातो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, तापते आणि शेवटी फुटते. हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना बघायची. गरम टायरचा आकडा जास्त दिसतो, म्हणून वाटेत हवा काढू नका. भरलेल्या गाडीला पुढे किती, मागे किती, हे दाराच्या पट्टीवर असतं. टायरवर लिहिलेला जास्तीत जास्त हवेचा आकडा ही मर्यादा आहे, तेवढी भराच असा त्याचा अर्थ नाही. हवा मोजायचं साधं यंत्र आम्ही घेतलं आहे, ते मसाल्याच्या डब्याशेजारीच असतं. आणि स्टेपनी विसरू नका. आमची स्टेपनी त्या दिवशी काढली तर निम्मी हवा नव्हती.

आता पैशाचं. बैठकीत खरी वादावादी इथे झाली. एका दुकानात वापरलेले टायर निम्म्याहून कमी किमतीत दाखवले, काळं पॉलिश करून चकचकीत. एक वहिनी म्हणाल्या, “एवढं स्वस्त मिळतंय तर घेऊन टाकू, कर्ज कशाला वाढवायचं?” खजिनदारबाईंनी टायर ओल्या फडक्याने पुसला. खालून भेगा निघाल्या आणि आकडे सांगत होते सात वर्षं. तेव्हा आम्ही साधा हिशेब मांडला. किंमत भागिले राहिलेली वर्षं. नवा टायर सहा वर्षं वापरता येईल, हा एक वर्षही नाही. मग स्वस्त कोणता?

पण बाकीचे तीन टायरही त्याच वयाचे होते. गाडी उभी ठेवली, एका लग्नाचं काम सोडलं. त्या रात्री सगळ्यांचं तोंड उतरलं होतं, हे कबूल करतो. मग गटातूनच कर्ज घेऊन चार नवे टायर घेतले, पाचवा स्टेपनीसाठी पुढच्या महिन्यात. तोवर गावाबाहेरचं काम घ्यायचं नाही, असा ठराव केला.

दुकानात पैसे देण्याआधी आम्ही प्रत्येक टायरचे चार आकडे वाचले. ‘नवा’ म्हणून गोदामात दोन-तीन वर्षं पडलेला टायर दिला जाऊ शकतो. आयएसआय खूण पाहिली. एका ॲक्सलवर दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे हवेत. दोनच बदलायचे असतील तर नवे मागे लावा, म्हणजे ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरत नाहीत. रबर चढवून किंवा कोरून नवी नक्षी पाडलेला टायर पुढच्या चाकाला अजिबात नको. टायर ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्ह नवा घ्या. बॅलन्सिंग, अलाइनमेंट करून घ्या. पक्कं बिल घ्या. आणि पन्नास-साठ किलोमीटर गेल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या.

आता गाडी देवळामागे उभी असली तरी टायरांवर जुनी गोणपाटं टाकतो, पंधरा दिवसांनी गाडी गावातून एक चक्कर मारून आणतो. तेल सांडलं तर लगेच पुसतो, तेल रबराला खातं. मागच्या स्वयंपाकघरात कुणी बसून प्रवास करत नाही. पुढच्या जागा भरल्या की बाकीच्या एसटीने.

मैत्रिणींनो, आज एवढंच करा. गटाची गाडी असेल, घरचा ट्रॅक्टर-ट्रॉली असेल किंवा मुलं शाळेला जातात तो टेम्पो असेल, त्याच्या टायरवरचे चार आकडे वाचा. इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या पोरीला बरोबर घ्या. वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीत हप्त्यांच्या हिशेबाबरोबर तेही वाचून दाखवा. आमच्या वहीत आता प्रत्येक टायरची जन्मतारीख आहे, मुलांच्या लसीकरणाच्या कार्डासारखी.