चंबळच्या खोऱ्यात पुन्हा चित्ता

देवास जिल्ह्यात बागलीकडे कालीसिंध उगम पावते, धार जिल्ह्यातून चंबळ वाहते. पवारांच्या या जुन्या संस्थानांचं पाणी पुढे एक होतं, आणि त्याच चंबळच्या खोऱ्यात आता चित्ता पुन्हा नांदू लागला आहे.

भारतातून तो नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते कुनो राष्ट्रीय उद्यानात आले. कुनो नदी ही चंबळचीच उपनदी. मार्च २०२३ मध्ये तिथे चार पिल्लं जन्मली. मे महिन्याच्या काहिलीत तीन दगावली. उरलेल्या मुखीला माणसांनी वाढवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तीच पाच पिल्लांची आई झाली. साऱ्या प्रयोगातलं हे सर्वांत मोठं यश म्हणायला हवं.

एप्रिल २०२५ मध्ये दोन नर चंबळकाठच्या गांधीसागर अभयारण्यात सोडले गेले.

पण चित्त्याला भक्ष्य हवं. देवासला लागून असलेल्या शाजापुरात काळविटांचे कळप उभी पिकं तुडवत होते. हेलिकॉप्टरने हुसकावत त्यांना नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या आडोशात आणलं गेलं आणि तिथून वाहनांत. एकही गोळी न झाडता, बेशुद्ध न करता त्यांची रवानगी गांधीसागरसह इतर संरक्षित जंगलांकडे झाली.