डबा आतून ढकलला, तर गाडी चालेल?

डोंबिवली आणि कल्याण यांच्यामध्ये वसलेले ठाकुर्ली म्हणजे धीम्या गाडीचे स्थानक. जलद गाडीतल्या प्रवाशाला त्याची पाटीही धड वाचता येत नाही. पण जी.आय.पी. रेल्वेच्या विजेच्या गाड्यांसाठी रेल्वेचे स्वतःचे वीजघर १९२९च्या सुमारास उभे राहिले, ते इथेच. ‘चोळे पॉवर हाऊस’ हे नाव जुन्या ठाकुर्लीकरांच्या तोंडी अजून आहे.

गाडी कशावर चालते? ‘विजेवर’ हे उत्तर अर्धेच खरे. वीज चाके फिरवते. चाके रुळांना मागे रेटतात, म्हणून गाडी पुढे जाते. रूळ निसरडे झाले, तर वीज असूनही चाके जागीच फिरतात. आणि डब्यातल्या दोनशे प्रवाशांनी पुढची भिंत जीव खाऊन ढकलली, तरी गाडी पुढे जाणार नाही. हात भिंतीला पुढे रेटतात, तेवढेच पाय फरशीला मागे रेटतात. हिशेब शून्य! शाळेत शिकलेला संवेग अक्षय्यतेचा नियम तो हाच.

अंतराळात रूळ नाहीत. तिथे यानाला मागे फेकण्यासाठी काहीतरी सोबत न्यावे लागते. २०१३ साली निघालेले मंगळयान १,३३७ किलोचे होते. त्यातले सुमारे ८५० किलो निव्वळ इंधन! त्याला नेणाऱ्या रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यातले ‘विकास’ इंजिन ज्या कारखान्यांत घडते, त्यांतला एक आपल्याच मार्गावर, विक्रोळीला गोदरेजमध्ये आहे. एप्रिल २०२२मध्ये यानाशी संपर्क तुटला. इंधन संपले असावे, त्यामुळे यानाला हवी ती दिशा राखता आली नसावी, असा ‘इस्रो’चा निष्कर्ष होता.

इंधनाचे हे ओझे नकोच, असे कोणाला वाटणार नाही? ब्रिटिश अभियंता रॉजर शॉयर यांनी २००१च्या सुमारास ‘एमड्राइव्ह’ मांडला. तांब्याच्या बंद, निमुळत्या डब्यात सूक्ष्मलहरी सोडायच्या, बाहेर काहीच फेकायचे नाही, तरी डबा पुढे सरकेल, असा दावा. २०१६ साली ‘नासा’च्या एका गटाने किलोवॉटमागे १.२ मिलिन्यूटन रेटा नोंदवला. म्हणजे जेमतेम अष्टमांश ग्रॅमचे वजन. पण जग दचकले.

प्रकाशालाही संवेग असतो, हे खरे. २०१० साली जपानच्या ‘इकारोस’ यानाने सूर्यप्रकाशाचा रेटा शिडावर घेऊन दाखवला. पण तो प्रकाश बाहेरून येऊन शिडावर आपटत होता. बंद डब्यातल्या लहरी म्हणजे आतून भिंत ढकलणारे प्रवासीच! आणि एक किलोवॉटचा प्रकाश मागे मोकळा सोडला, तरी रेटा मिळतो तो त्या नोंदीच्या सुमारे साडेतीनशेव्या हिश्शाइतका.

जर्मनीत ड्रेस्डेनच्या मार्टिन ताजमार यांच्या गटाने दाव्याची थट्टा केली नाही. अधिक चोख तराजू बांधला. २०२१मध्ये त्यांना कारण सापडले : उपकरण तापते, त्याचे भाग किंचित प्रसरण पावतात आणि तराजू ढळतो. तो दोष काढताच रेटाही नाहीसा झाला.

असे यंत्र उद्या पुन्हा कोणी आणील. आपल्या मुलांनी त्याला एवढेच विचारावे : ‘काका, यंत्र पुढे गेले, ते ठीक. पण मागे काय गेले?’