जुनी नाव पुन्हां पाण्यांत घालण्यापूर्वीं

भंडारदऱ्याचा जलाशय आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. रतनगडाच्या डोंगरांत उगम पावणाऱ्या प्रवरा नदीस शेंडी गांवापाशीं विल्सन धरणानें अडविलें आहे. 1910 सालीं आरंभिलेलें हें धरण 1926 सालीं पुरें झालें, व मुंबई इलाख्याचे तेव्हांचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यास मिळालें. सुमारें 82 मीटर उंचीच्या या दगडी भिंतीमागें पाणी थेट रतनवाडीच्या बाजूपर्यंत पसरतें. त्यावर नावा चालतात. कोणी मासे धरण्यासाठीं, कोणी प्रवाशांस अमृतेश्वराच्या देवळाकडे नेण्यासाठीं त्या ठेवितात. समुद्रकांठीं नावा दुरुस्त करणाऱ्यांची वस्तीच असते. सह्याद्रीच्या माथ्यावर ती सोय नाहीं. येथें जुनी नाव अंगणांत उलटी घालून सुताराच्या व घरच्या माणसांच्या हातांनींच सुधारावी लागते. ती कशी सुधारावी, आणि कोणत्या सुधारणा करूं नयेत, एवढाच या लेखाचा विषय आहे.

गळानें मासे धरणारांसाठीं मुद्दाम बांधलेली लहान नाव ही कल्पना विशेषेंकरून अमेरिकेंत वाढली. तेथील नद्यांत व धरणांच्या जलाशयांत बास नांवाचा एक झुंजार मासा असतो. त्याच्या मागें लागलेल्या लोकांसाठीं 1948 सालीं लुइझियाना संस्थानांतील श्रीव्हपोर्ट येथें होम्स थर्मंड यांनीं प्लायवुडची 'स्कीटर' नांवाची उथळ नाव बांधली, ती या जातीची आद्य नाव समजतात. पुढें बाहेरील लांकडाची जागा कांचतंतु व रेझिन यांच्या कवचानें घेतली. आपण बाजारांत त्यास नुसतें 'फायबर' म्हणतों. आपल्याकडे बास नाहीं. कटला, रोहू, मृगळ, मरळ, वाम हे आपले मासे, आणि दैव उघडलें तर महाशीर. परंतु आपल्याकडील पुष्कळ लहान नावांची घडण त्याच जातीची असते. बाहेर फायबरचें कवच, आंत लांकडी कणे, त्यांवर प्लायवुडची जमीन, कण्यांमधील पोकळींत हलका फोम, आणि मागें मोटार अडकविण्यासाठीं प्लायवुडची जाड आडवी भिंत, अशी तिची रचना होय.

फायबर कुजत नाहीं असें विकणारा सांगतो, आणि तें खोटें नाहीं. परंतु तो अर्धेंच सांगतो. कवच कुजत नाहीं. कवचांत कोंडलेलें लांकूड कुजतें. मोटार बसवितांना, कड्या अडकवितांना, बाक जोडतांना कवचास स्क्रूचीं भोंकें पाडतात. तीं नीट बुजविलीं नाहींत तर त्यांतून थेंबथेंब पाणी आंत शिरतें, आणि शिरलेल्या पाण्यास बाहेर येण्याची वाट नसते. अशा कोंदट ओलाव्यांत बुरशी वाढते व ती लांकडाचा जीव खाऊन टाकते. उघड्यावर पडलेली सागाची फळी पावसांत भिजली तरी ऊन-वाऱ्यानें वाळते; नावेच्या पोटांतील लांकडास तें भाग्य नाहीं. बाहेरून नाव चकचकीत दिसते, आणि आंत भुसा झालेला असतो.

म्हणून जुनी नाव विकत घेतांना किंवा दुरुस्तीस काढतांना रंग पाहूं नये. ती वाजवून पाहावी. कुंभाराकडून माठ घेतांना आपल्या घरच्या बायका टिचकीनें तो वाजवितात, तसेंच हें. लांकडी हातोडीनें मागची भिंत व जमीन वीत-वीत अंतरावर ठोकीत जावें. घट्ट लांकूड खणखणीत बोलतें. कुजलेलें लांकूड भद्द आवाज देतें. जेथें संशय येईल तेथें आंतल्या बाजूनें एक बारीक भोंक पाडावें, व गिरमिटास लागून आलेला भुसा बोटांत चुरून पाहावा. कोरडा व पिवळसर असला तर ठीक. काळा, ओला व कुबट वासाचा असला तर तें लांकूड गेलें असें समजावें. मोटार वरच्या टोकाशीं धरून मागेंपुढें हलवितांना भिंत किंचितहि लवली, तर दुसरी परीक्षा नको. अशा भिंतीवर चालती मोटार ठेवणें म्हणजे ती एके दिवशीं भिंतीसकट पाण्यांत जाणार, व तिच्या जागीं पाणी आंत येणार.

शेंडी येथील एका कुटुंबाची 14 फूट लांब व 5 फूट रुंद अशी जुनी नाव उघडली जात असतां पाहण्याचा योग मला आला. मालकांचा बेत असा होता कीं, वरून नवा रंग द्यावा, मागें मोठी मोटार लावावी, आणि मासे धरण्याबरोबर सुटीच्या दिवसांत सहा प्रवासी बसवून चार पैसे मिळवावे. बेत वावगा नव्हता. पावसाळ्यांत व त्यानंतर त्या बाजूस प्रवाशांची बरीच गर्दी असते, आणि दोन मुलांच्या शिक्षणाचा खर्च त्या नावेवर अवलंबून होता. जमिनीचें प्लायवुड कापून काढलें, तेव्हां खालचा फोम चिखलाच्या रंगाचा झालेला दिसला. त्याचा एक तुकडा हातांत घेऊन दाबला तर पाणी गळूं लागलें.

येथें थोडें गणित करणें अवश्य आहे. कोरडा फोम घनफुटास जेमतेम 1 किलोग्रॅम भरतो, व 1 घनफूट पाणी सुमारें 28 किलोग्रॅम भरतें. म्हणजे नाव पाण्यानें भरली तरी कोरड्या फोमचा प्रत्येक घनफूट सुमारें 27 किलोग्रॅम ओझें वर धरून ठेवितो. तेवढ्यासाठींच तो भरलेला असतो. तोच फोम वर्षानुवर्षें ओल्या तळांत बसून निम्मा पाण्यानें भरला, तर दहा घनफुटांमागें 140 किलोग्रॅम ओझें आंत बसलें. दोन धट्टीं माणसें नावेच्या तळाशीं कायमचीं निजून राहिलीं आहेत असें समजा. आतां त्या नावेचा पाण्यावर टेकणारा भाग सुमारें 50 चौरस फूट धरला, तर ती 1 इंच अधिक खोल जाण्यास सुमारें 118 किलोग्रॅम ओझें पुरतें. अर्थात् कोणी पाय ठेवण्यापूर्वींच नाव इंचाहून अधिक बुडालेली, आणि संकटाच्या वेळीं तारणारा फोम निम्मा निकामी! मालक म्हणत होते कीं, नाव अलीकडे जड चालते, मोटार म्हातारी झाली असावी. बिचाऱ्या मोटारीचा त्यांत कांहींएक दोष नव्हता.

तेव्हां पहिलें काम म्हणजे कुजलें तें सगळें काढून टाकणें व उरलें तें वाळविणें. येथें भंडारदऱ्याचें हवामान विचारांत घ्यावें लागतें. रतनवाडी-घाटघरचा मुलूख महाराष्ट्रांतील अत्यंत पावसाच्या भागांपैकीं एक होय. आषाढ-श्रावणांत तेथें बरणींतल्या मिठास पाणी सुटतें, मग प्लायवुड काय वाळणार? दमट हवेंत रेझिनहि नीट आवळत नाहीं. काम पौषापासून वैशाखापर्यंतच्या कोरड्या दिवसांत करावें. उन्हाळ्यांत प्रवरेच्या कालव्यांसाठीं पाणी सोडल्यानें जलाशयाची पातळीहि उतरत जाते. उघडलेली नाव पुढून थोडी उंच व मागून उतरती ठेवून, पत्र्याच्या छपराखालीं, वारा खेळेल अशी तीन-चार आठवडे राहूं द्यावी. नवा फोम भरतांना तळाशीं पाणी वाहून जाण्यास मोकळी वाट ठेवावी; पहिला फोम भिजला तो बहुधा ही वाट नसल्यामुळेंच.

नवें फायबर चढविण्याची कृति अवघड नाहीं, पण तिच्यांत धोका आहे. बाजारांत रेझिन, कोबाल्टचें द्रावण व हार्डनर अशीं तीन द्रव्यें निरनिराळ्या बाटल्यांतून मिळतात. प्रथम रेझिनमध्यें कोबाल्ट घालून तें पूर्ण मिसळावें, आणि मग काम सुरू करण्याच्या वेळीं हार्डनर घालावा. कोबाल्ट व हार्डनर हीं दोन एकमेकांत सरळ कधींहि मिसळूं नयेत. त्यांचा भडका उडतो, स्फोटहि होऊं शकतो. हार्डनरचें प्रमाण रेझिनच्या शंभर भागांस एक ते दोन भाग एवढेंच असतें. त्याचा थेंब डोळ्यांत गेला तर दृष्टि जाण्याचें भय असतें. म्हणून चष्मा घालावा व स्वच्छ पाण्याची बादली हातापाशीं असावी. जुनें फायबर घांसतांना कांचेची धूळ उडते, तिच्यासाठीं चांगली मुखपट्टी व पूर्ण बाह्यांचा सदरा पाहिजे. रेझिनची वाफ पेट घेते, यास्तव चुलीपासून दूर, उघड्या अंगणांतच हें काम करावें. मुलांनीं या वेळीं दुरून पाहण्यापलीकडे कांहीं करूं नये.

कवचास चीर असेल तर ती नुसती वरून लिंपून भागत नाहीं. चिरेच्या दोन्ही बाजूंस कवच उतरतें घांसावें. जाडीच्या बारा पट लांबीचा उतार असावा असा नियम आहे, म्हणजे पाव इंच जाडीच्या कवचास 3 इंच. त्यावर कांचतंतूंचें कापड लहानमोठ्या थरांनीं बसविलें म्हणजे जोड जुन्या अंगाशीं एकजीव होतो. जलाशयाचा कांठ खडकाळ, म्हणून चिरा पाहावयाच्या त्या आधीं तळाच्या पुढील भागास, जेथें नाव ओढून वर घेतात तेथें पाहाव्या.

मागची भिंत नवी करावयाची तर साधें प्लायवुड घेऊं नये. भारतीय मानक 710 चा छाप असलेलें मरीन प्लायवुड घ्यावें. त्यांतील चिकटद्रव्याची परीक्षा तुकडे 72 तास पाण्यांत उकळून करितात. दोन जाड तक्ते इपॉक्सीनें एकमेकांस चिकटवून व सर्व कडा इपॉक्सीनेंच बंद करून बसवावे. मोटारीच्या बोल्टांसाठीं भोंकें पाडावयाचीं तीं प्रथम मोठीं पाडून इपॉक्सीनें भरावीं, आणि तें भरण घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध खरें भोंक पाडावें. बोल्टाजवळून पाणी झिरपलें तरी तें मग लांकडापर्यंत पोंचत नाहीं. युक्ति लहान आहे, पण नवी भिंत किती टिकणार हें बहुधा तिच्यावरच ठरतें.

दुरुस्ती संपली कीं सुधारणेचा मोह सुरू होतो. अमेरिकन नावांत पुढेंमागें उंच मंच, फिरती खुर्ची, विजेची लहान मोटार, मासे जिवंत ठेवण्याचा हौद इत्यादि सोयी असतात, व त्यांचीं चित्रें पाहून आपल्याकडील हौशी लोकांस तें सर्वच पाहिजे असतें. त्यांपैकीं हौद मला पसंत आहे. त्यांत ताजें पाणी खेळतें ठेविलें तर मासा बाजारापर्यंत जिवंत राहतो. महाशीर गळास लागला तर त्यास मात्र हौदांतहि न ठेवितां लागलीच सोडावें. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें त्याची पैदास करण्याचें काम 1970 नंतरच्या दशकांत मुद्दाम हातीं घेतलें, एवढें त्या माशाचें मोल आहे. हौदांतील 50 लिटर पाणी म्हणजे 50 किलोग्रॅम ओझें, हें मात्र हिशेबांत धरावें. उंच मंच मला मुळींच मान्य नाहीं. ओझें जितकें उंच तितकी नाव कलण्यास सोपी. मंचावर उभा राहून गळ फेंकणारा माणूस रुंद नावेंत शोभतो. 5 फुटांच्या नावेंत तो आपल्याबरोबर इतरांसहि पाण्यांत नेईल.

विजेची मोटार शांत असते व तिच्यामुळें पाण्यावर तेलाचा तवंग येत नाहीं. पण तिची भूक समजून घ्यावी. 55 पौंड जोराची 12 व्होल्टची मोटार पूर्ण वेगानें सुमारें 50 अँपिअर वीज ओढते. 100 अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करूं नये असा संकेत आहे. म्हणजे पूर्ण वेग केवळ एक तास. तेवढ्याच शक्तीची लिथियमची बॅटरी घेतली तर ओझें 30 किलोग्रॅमऐवजीं 12 च्या आसपास भरतें, किंमत मात्र बरीच अधिक पडते. कोणतीहि असो, तारेंत बॅटरीजवळच फ्यूज बसवावा, आणि वल्हीं घरीं ठेवूं नयेत. तेलाच्या मोटारीचा जोर दर हजार फूट उंचीस सुमारें 3 टक्के कमी होतो. शेंडी समुद्रसपाटीपासून 700 मीटरांहून अधिक उंच, तेव्हां तेथें सुमारें 7 टक्के घट धरावी. एवढ्यासाठीं दुप्पट मोठी मोटार घेणें मात्र शहाणपणाचें नव्हे, कारण ती मागच्या भिंतीवर लोंबते, आणि नावेची मागची बाजू आधींच खोल असते.

मोटार लागली कीं कायदाहि लागतो. यंत्रानें चालणाऱ्या नावेची नोंदणी व तपासणी 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानें आवश्यक केली आहे. तत्पूर्वीं 1917 चा कायदा चालत असे. जलाशयांतील मासे धरण्याचा हक्कहि सर्वांस मोकळा नसून मत्स्यव्यवसाय खातें तो ठेक्यानें, बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांस, देतें.

आतां शेंडीच्या त्या नावेंत सहा प्रवासी बसवावे कीं नाहीं, हा प्रश्न राहिला. अमेरिकेंत 20 फुटांहून लहान नावांसाठीं एक ठोकताळा आहे. लांबी व रुंदी फुटांत घेऊन गुणावी व 15 नें भागावें. 14 गुणिले 5 म्हणजे 70. भागाकार साडेचारांच्या थोडा वर. अर्धा माणूस बसवितां येत नाहीं, म्हणून चार, आणि त्यांत नावाडीहि आला. मालकांस हें ऐकून वाईट वाटलें, व तें साहजिक होतें. सहा भाड्यांचीं तीन भाडीं झालीं.

त्यांनीं आंकड्यांवर न जातां परीक्षा घेण्याचें ठरविलें, आणि ही परीक्षा प्रत्येक मालकानें घ्यावी अशी आहे. कांठाजवळ कमरेइतक्या पाण्यांत नाव दोरानें बांधून ठेविली. 35 किलोग्रॅमचीं दोन वाळूचीं पोतीं म्हणजे एक माणूस असें धरलें. चार माणसांचें ओझें चढलें, तेव्हां मागील बाजूस नावेचा कांठ पाण्यापासून वीतभर उंच होता. आणखी तिघांचें ओझें चढवितांना जागा मागेंच उरली होती, म्हणून पोतीं मागें ठेविलीं. कांठ चार बोटें उरला. मग प्रवासी धबधब्याचें छायाचित्र काढण्यास एका अंगास सरकतात त्याप्रमाणें चार पोतीं डाव्या बाजूचीं उजव्या बाजूस सरकविलीं, आणि पाणी आंत आलें. तें उपसण्यास अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशीं नावेच्या आंतल्या अंगास, चढणारास दिसेल असें, पांढऱ्या रंगांत 'चार माणसें' असें लिहिलें गेलें. जीवरक्षक जाकिटेंहि चारच आणविलीं.